आत्याने सांगायचं नाव

मुंबई, ४ जानेवारी १९५९

तीर्थरूप आईस, सुभद्रेचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, पोटभर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

दादाच्या बाळाच्या बारशाला मला येता येणार नाही. मेट्रनबाई सुट्टी देत नाहीत. म्हणाल्या, "कॅन्सरच्या मुलांपाशी तूच टिकतेस. तू रडत नाहीस." रडायला सवड कोण देतं इथे? काल वरूडचा उद्धव गेला. शेवटपर्यंत "ताई, मले घरी ने ना," म्हणत होता. मी चादर बदलते तोच त्या खाटेवर दुसरा मुलगा आणला.

बाळाच्या कानात नाव माझ्याऐवजी मैनाआत्याने सांगावं. मला ते इतक्यात कळवू नका. त्याच नावाचं मूल इथे आलं, तर मला त्याला हाक मारवणार नाही.

तुझी,
सुभद्रा