आईचा अर्ज

बाबा,

"एकेका सिलिंडरमागं कंपनीले घाटा हाये, मंग आपल्या घरी आणून तो कायले वाढवाचा?" असं तुम्ही जेवता जेवता म्हणाला होतात. आई तेव्हा तुमच्या ताटात भात वाढत होती, तिनं खोकला आला म्हणून तोंड फिरवलं. मी अकरावीत होते. तुम्ही रोज लाखनीहून एसटीनं भंडाऱ्याला, सरकारी गॅस कंपनीच्या ऑफिसात हिशेब लिहायला जायचात. सरकारनं भाव बांधून दिला, वरचा फरक आम्ही भरू म्हटलं, आणि तो फरक काही येत नव्हता. हे तुम्ही मला इतक्या कळवळ्यानं समजावायचात, की कंपनी म्हणजे आपल्याच घरातलं कुणी आजारी माणूस आहे असं मला वाटायचं. लोक गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसलेले होते. कर्मचाऱ्यांना मात्र बिननंबरचा मिळे. तुम्ही तो नको म्हणून लिहून दिलंत.

खरं आजारी माणूस चुलीपुढे बसलेलं होतं. लाकडं ओली असली की फुंकून फुंकून तिचे डोळे लाल होत. "तुमच्या कंपनीचा घाटा काय माह्या छातीतून भरून काढता?" ती एकदा म्हणाली. तुम्ही हसलात. "आमच्या साहेबाच्या खुर्चीवर तुलेच बसवाले पाहिजे." ती हसली नाही.

मग एका दुपारी तिनं मला जवळ बसवलं. तिला लिहिता येत नव्हतं. "साहेबाले लिही," ती म्हणाली, "आमच्या यायनं नको म्हटलं, पण सैपाक त मले करा लागते. अन् बाबाले सांगू नको." मी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, तिनं खाली अंगठा उठवला. तो पोस्टात टाकायचा होता. संध्याकाळी मी तो तुमच्या हातात दिला. तुम्ही वाचलात, घडी करून खिशात ठेवलात आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "शाहणी पोरगी हाये माही." बाबा, एवढंच ऐकण्यासाठी मी तो दिला होता.

ती पोस्टमनला विचारत राहिली, "ऑफिसचं काई आलं का जी?" तो मान हलवून पुढे जाई. कित्येक महिन्यांनी तिनं विचारणं सोडलं, आणि माझा उतरलेला चेहरा पाहून मलाच समजावलं, "साहेबायले टाइम नसन बाई. तुह्या लिहिण्यात काई चुकलं नाही." दोन वर्षांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं निकामी झाली होती. तेरवीनंतर तुम्ही स्वतःच कंपनीत अर्ज दिलात, आठवड्यात शेगडी आली. मी ती पेटवली. धूर नाही, काही नाही, नुसती निळी ज्योत. तुम्ही दारात उभे होतात. त्या दिवशी तुम्ही घाट्याचं काही बोलला नाहीत, आणि पुढे कधीच नाही. अर्जाचंही नाही. मीही विचारलं नाही, आणि मग तुम्हीही गेलात.

आज मी त्या वेळच्या आईपेक्षा मोठी आहे. हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, म्हणून ते इथेच राहील. ती तिथे भेटली आणि तिनं विचारलं, तर सांगा की तो अर्ज तुम्हाला माझ्या दप्तरात सापडला. मी आणून दिला असं सांगू नका. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत आणि आताही बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा बोला.