गौतमभाऊंच्याच हातात बंद पडणारं पोकलेन

१० नोव्हें., सोम.
आजपासून परत विलासभाऊंकडे. कामशेतच्या अलीकडे त्यांचं शेड, मोठ्या मशीनचं वायरिंग, सेन्सर, असलं काम. मधले दोन महिने मी पवनेकाठी टेंटवाल्यांकडे होतो. आवडलं, मग नाही आवडलं. भाऊ फार बोलले नाहीत. "आलास? बुडाला चाकं लावूनच जन्मलायस," एवढंच. आणि मीटर हातात दिला.

लगेच काम आलं. लोणावळ्याच्या वर एक शेठ डोंगर कापून बंगल्यांचे प्लॉट पाडतोय. त्याचं पोकलेन चालता चालता अडकतं. इंजिन एकदम खाली येतं, बूम, म्हणजे पुढचा लांब हात, आहे तिथेच हवेत, डिस्प्लेवर 'कम्युनिकेशन एरर'. चावी बंद करून परत लावली की ठीक. मशीनमधले छोटे कॉम्प्युटर, इंजिनचा, हायड्रॉलिकचा, डिस्प्लेचा, दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. बोलणं तुटलं की सगळे रुसून बसतात. भाऊ असंच सांगतात. पुस्तकात असं लिहिलं असतं तर मी आयटीआय सोडलं नसतं. (सोडलंच असतं.)

११ नोव्हें., मंगळ.
साइटवर. ऑपरेटर गौतमभाऊ, कान्हे गावचे, पन्नाशी उलटलेली, अंगाने लहान. पहिल्या लोकलने येतात. शेठ सगळ्यांदेखत म्हणाला, "हे मशीन फक्त ह्यांच्या हातात बंद पडतं. माझा भाचा बसला की दिवसभर पळतं. मुद्दाम पाडतात, दुसरं काय!" गौतमभाऊ काच पुसत होते. पुसतच राहिले. एक तारखेपासून भाचा बसणार, ह्यांना म्हणे घरी जा.

आणि खरंच आहे ते. भाच्याला बसवलं, काही नाही झालं. गौतमभाऊ बसले, आमचा चहा व्हायच्या आत बंद. मी स्वतः पाहिलं. आता काय लिहू.

१२ नोव्हें., बुध.
बॅटरी, अर्थिंग, सगळे कनेक्टर तपासले. स्वच्छ. मशीन बंद करून त्या दोन वायरींवर मीटर लावला, साठ ओहम. साठ म्हणजे लाइन चांगली. भाऊ डोकं खाजवत, "बिघडतं चालताना आणि आपण बघतोय उभं असताना. हलव काहीतरी." वायरी हलवल्या. साठच. मग दरीवर एक घार तरंगत होती, पंख न हलवता, ती बघत बसलो. भाऊंनी मला खडा मारला.

जेवायला गौतमभाऊंच्या शेजारी. भाकरी, सुकट. अर्धी माझ्याकडे सरकवली.
"तुलाबी तसंच वाटतं का रं? मीच पाडतो म्हून?"
"नाही हो," म्हटलं, पण जरा उशीर झाला. त्यांना कळलं.
"ह्या वयात कोन बशिवनार मला दुसऱ्या मशीनवर? आन नाव लागलं त्ये येगळंच. मशीन पाडनारा म्हनं."
सुकट झकास होती. तेवढंच बोललो. गाढव.

१४ नोव्हें., शुक्र.
काल काही लिहिलं नाही. मळवलीला केबल आणायला धाडलं होतं, आणि मी भाज्याच्या लेण्यांपर्यंत चढून आलो. भाऊ तापलेले. आज सकाळभर बोलले नाहीत.

पण आज घावलं!! भाऊ बाहेर फोनवर. मी केबिनमध्ये, मशीन बंद, मीटर लावलेला. कंटाळून सीटचा दांडा ओढून पुढे-मागे, पुढे-मागे करत होतो. मीटरवर शून्य. मागे सरकलो, साठ. पुढे, शून्य. मागे, साठ. ओरडलो, भाऊ धावत वर आले, त्यांना वाटलं करंट लागला.

गौतमभाऊंना पेडलला पाय पुरावा आणि बकेटचे दात दिसावेत म्हणून ते सीट पार पुढे घेतात. भाचा ताडमाड, सीट पार मागे.

सीट काढली, खालची चटई उचलली. त्याच दोन वायरी मध्येच सोलून त्यांना आणखी दोन पिळलेल्या, वर साधी टेप. सीटबरोबर सरकणारी लोखंडी पट्टी घासून टेप गेलेली, तांबं उघडं. पट्टी टेकली की दोन्ही वायरी एक; चालताना हादऱ्याने कधी टेकते, कधी सुटते. आणि जोडलेल्या वायरी जातात एका काळ्या डबीत. डबीवर लाइट लुकलुकतोय.
भाऊ हळूच म्हणाले, "ट्रॅकर. डिझेल किती जळलं, मशीन कुठं उभं होतं, सगळं शेठच्या मोबाइलवर."
गौतमभाऊ खाली पाणी प्यायला गेले होते.

शेठला सांगितलं. मागच्या साइटवर एकाने त्याचं डिझेल विकलं होतं, तेव्हापासून सगळ्या मशीनला बसवलेत म्हणाला. आवाज उतरला होता त्याचा. मग, "जोड पक्का करा. डबी राहू दे. त्यांना सांगायची गरज नाही."
"आणि एक तारखेचं?" मी विचारून गेलो. भाऊंनी डोळे वटारले.
"बघू. भाच्याला शब्द दिलाय."

१५ नोव्हें., शनि.
सोल्डर केलं, वर स्लीव्ह, वायर पट्टीपासून लांब बांधली. गौतमभाऊ दिवसभर उतारावर, सीट पार पुढे. एकदाही बंद नाही. वरातीसारखा हॉर्न वाजवला. उतरले ते हसतच.
"काय घावलं रं?"
"सीटखाली वायर घासत होती. तुम्ही सीट पुढे घेता ना..."
"मंजी माज्याचमुळं."
"नाही, नाही हो."
हसू गेलं. "मग तितं वायर कशापायी? रोज झाडतो मी केबिन. सीटखाली वायर दिसली न्हाई कदी."
भाऊ म्हणाले, "चला रे, उशीर झाला." मी टूलची बॅग उचलली आणि निघालो. मागे वळून बघितलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
देहूरोडला घरी. सकाळी भाऊंना फोन केला, सांगूया का म्हणून. "आपण वायरी जोडतो. माणसं जोडायला गेलो तर शेठ परत बोलवायचा नाही. तुझं काय, तू उद्या निघून जाशील." खरं आहे. पण डबी बसवली म्हणून मशीन बंद, मशीन बंद म्हणून माणूस चोर, हे डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी गौतमभाऊंचा फोन.
"उद्या येतूस का? सीट उचलायची हाय. एकट्याला न्हाई उचलत."
"शेठला विचारलंत?"
"माजी बसायची जागा हाय. इचारू कशाला?"
मग म्हणाले, "पैल्या लोकलला ये. कान्ह्याला मी चढतो. पाना हाय ना तुज्याकडं?"
आहे म्हटलं. पाना भाऊंचा, बॅग कालपासून माझ्याकडेच.
भाऊंना अजून कळवलं नाही.