वरून घालायचं पाणी

ता. ३, गुरुवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे मासे मजेत, माणसांचं विचारू नकोस. किडन्या थकल्या म्हणून डॉक्टरांनी बाबांना मोजकंच पाणी ठरवून दिलंय, मीठ तर बंदच. पाय चपलेत मावत नाहीत. तरी दुकानात बसतात आणि काचेच्या टाक्यांतले मासे दाखवत गिऱ्हाइकांना तेच पुराण ऐकवतात. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीतच नाही, ते आपसूक अंगात शिरतं, म्हणून तो दिवसभर मुततो. खाऱ्यातला घटाघटा पितो तरी कोरडाच, कारण मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. काल तर म्हणाले, मी गोड्यातला, पण माझा नळ बंद पडलाय. गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो.

बरं, दुकानात चोर शिरलाय. खाऱ्या टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं ना? त्याचा कॅन मी भरून ठेवतो. दुपारी जेवून येतो तर अर्धा रिकामा! बाबांचा तेव्हा डोळा लागलेला असतो. माझा संशय शेजारच्या चावीवाल्यावर. त्याला कुठलं कुलूप अडवणार? उद्या कॅनमध्ये टाकीचं मीठ ओंजळभर विरघळवतो आणि मोठ्या टाकीमागे लपून बसतो. त्याचं तोंड कसं होतं ते कळवीनच.

कळावे. तुझा त्रास वाढवणारा,
छोटू

ता. ५, शनिवार

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, चावीवाल्याच्या दारात नळ आहे. तो आपल्या कॅनला कशाला तोंड लावेल? दुपारी दुकानात आणखी कोण असतं, जरा डोकं चालव. मीठ टाकलं असशील तर आत्ताच्या आत्ता ओतून दे. आणि बाबांवर ओरडू नकोस रे. बर्फाचा बारीक खडा चघळायला दे, तेवढंच बरं वाटतं. कामावर सुट्टी मागितलीय, पुढच्या शनिवारी निघते.

तुझा कान धरायला येणारी,
ताई

ता. ७, सोमवार

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आज आलं.

शुक्रवारी मी टाकीमागे बसलो होतो. हसू येऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबला होता. चावीवाला आलाच नाही. बाबा उठले, भिंतीला धरत कॅनपाशी गेले. मला ते टाकीतल्या पाण्यातून दिसत होते, मासे मधून मधून आडवे येत होते. त्यांनी पेला भरला. प्यायले. मला वाटलं, थुंकतील. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही गं. दुसरा भरला. चोराला बघून आरडाओरडा करायचं ठरवलं होतं, पण तो रुमाल काढायलाही हात उठेना. मग त्यांनी पेला पुसून जागेवर ठेवला.

संध्याकाळी दम लागला. आता दवाखान्यात आहेत, नाकात नळी आहे. नर्सबाईंनी ओल्या कापसाने ओठ पुसायला सांगितलंय, ते मी करतो. डॉक्टर म्हणाले, लांबच्या माणसांना बोलावून घ्या. म्हणजे तुला. शनिवारची वाट बघू नकोस, मिळेल त्या गाडीने ये.

आज सकाळी ते जरा शुद्धीवर होते. मी सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, बाबा, खारट लागलं नाही का?

म्हणाले, ओलं होतं.

लोभ वाढव असं लिहायचं धाडस नाही. आहे तेवढा राहू दे.

छोटू