नाकावरची नोकरी

सोमवार, ४
आले एकदाची! साबणाच्या कारखान्यात वास घेण्याचं काम. काम कसलं, नाक खुपसायचा पगार! वहिनी माझ्या अर्धशिशीला नाटक म्हणते. तिला कळवायलाच हवं, त्याच अर्धशिशीत तिखट होणाऱ्या नाकावर नोकरी लागली म्हणून. खोली लहान, पण खिडकी मोठी आणि गादी स्वच्छ. तीन महिने टिकले की पक्की होईन. मग दादाच्या घरी परत जाणं नको आणि टोमणेही नकोत. इथली रीत मात्र अजब आहे. प्रत्येक घाण्यातला कच्चा साबण करंगळीवर घ्यायचा आणि नाकपुडीत आतून फिरवायचा. त्यातल्या कॉस्टिकने चांगलंच झोंबतं. फोरमन म्हणाला, सवय होते.

गुरुवार, ७
डोकं उठलं. डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, आणि वास तर विचारू नका! फोरमनच्या दातांत अडकलेलं परवाचं जेवण, माझ्याच उशीचं तेल, सगळं एकदम अंगावर आलं. शी! त्यातच तिसऱ्या टाकीतली चरबी सडल्याचं मी ओळखलं. बाकी कुणालाच कळलं नव्हतं. साहेब खूश. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की इतरांचा मेंदू तोच तो वास दोनचारदा घेऊन सोडून देतो, माझा सोडत नाही. त्याला तो दर वेळी नवाच. म्हणजे सवय होणं माझ्या नशिबातच नाही.

मंगळवार, १२
साहेबांनी गोड बोलून माझ्या अर्धशिशीच्या गोळ्या त्यांच्या कपाटात ठेवल्या. डोकं दुखतं तेव्हाच माझं नाक चालतं म्हणे. डोकं उठावं म्हणून टेबलावर लुकलुकणारी ट्यूबही मुद्दाम लावली. मेल्यांना लाज नाही. मी मान डोलावली. पक्की व्हायचंय ना!

शनिवार, १६
चार दिवस डोकं उतरलेलं नाही. कुजका वास येतोय. मांसाचा, ओला, गोडूस. जेवणाला, पाण्याला, कपड्यांना. तीनदा ओकले. फोरमन म्हणतो, टाक्या स्वच्छ आहेत, वास तुमच्या डोक्यात आहे. डॉक्टरीणबाईही फोनवर तेच म्हणाल्या. असेल. रोज वीस घाणे. नाकात झोंबायचं मात्र थांबलंय.

मंगळवार, १९
कपाटातून गोळी चोरली. डोकं उतरलं. रेघा गेल्या. ट्यूबही खुपत नाही.
वास तसाच —

बुधवार, २०
बसमध्ये शेजारची बाई नाक दाबून उठली. मग मागचे दोघे. म्हणजे त्यांनाही येतोय — म्हणजे डोक्यात नाही —

दुपारी
साहेब दारातूनच बोलले, तोंडावर रुमाल धरून. अजून पाच घाणे बघा, उद्या पक्कीची चिठ्ठी देतो म्हणाले. फोरमन वर बघेना.
करंगळी नाकात घातली. मधली भिंत लागेना — बोट पलीकडच्या नाकपुडीत — दुखतही नाही — काहीतरी मऊ, सुटं —
शिंक येतेय. नको. नाक दाबू कसं, दाबलं तर हातात —