शेरा: पंप चालू

अंबड, नाशिक
११ फेब्रुवारी २०००

प्रिय साधना,

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. इगतपुरीच्या शाळेत रुळलीस, चौथीची पोरं तुला अजिबात घाबरत नाहीत, हे वाचून हसलो. मग शेवटच्या ओळी आल्या. तुझी आई, माझ्या नवसाकाकू, अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या यांनी घाई केली, व्हॉल्व्ह भसकन उघडला आणि आपल्या हाताने जीव घालवला. आणि तू विचारतेस, प्रफुल्ल, तू त्याच प्लँटात कामाला होतास, आण्णांनी खरंच घाई केली का? तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं. आज फाडणार नाही.

मी कॉलेज का सोडलं ते तुला माहीत आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, ही रीडिंगं तू मनाने लिहिलीस. लिहिली नव्हती गं! जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो तो परत गेलोच नाही. सहा महिने बोंबलत फिरलो, तेव्हा तुझ्या आण्णांनी मला कंपनीत चिकटवलं. सुपरवायझर देवरामला म्हणाले, पोरगं डोक्याने गरम हे, पण अक्षर बघा साहेब, मोत्यासारखं. त्याच अक्षरात तुझे डी.एड.चे तक्ते लिहून दिले आणि तुमच्या सिडकोच्या घरी माझं येणं-जाणं वाढलं. आण्णांना सगळं कळत होतं. जेवायला बसलो की म्हणायचे, भाकरी घे, तक्ता काही पळून जात नाही.

आता प्लँटाचं सांगतो. बॅच घेताना जो क्लोरीन उरतो तो एका उंच टाकीत जातो. तिथे वरून कॉस्टिकचं पाणी पडतं आणि ते गॅस गिळून टाकतं. त्याला आम्ही स्क्रबर म्हणतो. पाणी वर चढवणारा पंप बंद पडला, तर गॅस उलटा माणसांवर येतो. म्हणून सरकारी नियम आहे, दर अर्ध्या तासाने पंपाचं रीडिंग रजिस्टरात लिहायचं. आमच्याकडे मशीन आजारी पडायची, रजिस्टर कधीच पडायचं नाही. तपासणीला येणारा माणूस रजिस्टर उघडतो, टाकीवर चढत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पंपाची मोटर जळाली. ती झिपरूच्या दुकानात वाइंडिंगला गेली. देवराम म्हणाला, मोटर येईपर्यंत क्लोरीनची बॅच घ्यायची नाही, हे प्रत्येक पाळीला तोंडी सांगायचं. रजिस्टरात मात्र पंप चालूच राहू दे, उगाच कुणी आलं तर लफडं नको. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, भर रे छापखान्या, तुझ्या अक्षरावर कोण संशय घेतो! मी भरलं. सरांनी खोटा आळ घेतला म्हणून कॉलेज सोडणारा मी, पाच दिवस जागेवर बसून रीडिंगं मनाने लिहीत होतो. एकदाही डोकं तापलं नाही.

आण्णा तेव्हा आठ दिवस सिन्नरला पुतण्याच्या लग्नात होते. मोटर जळाल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. बुधवारी दुपारच्या पाळीला ते कामावर येणार आणि पाळी माझ्याकडून घेणार होते. त्यांना सांगायचं काम माझं होतं. त्याच दिवशी तुझा शेवटचा पेपर होता. दीडलाच मी तीन वाजेपर्यंतची सगळी रीडिंगं लिहिली, सही ठोकली आणि मागच्या गेटने सटकलो. वाटलं, सांगेल देवराम. देवरामला वाटलं, मी सांगेन. सीबीएस स्टँडबाहेर रसाच्या गाड्यावर तू म्हणालीस, आज इतक्या लवकर कसं सोडलं साहेबांनी? मी ऐटीत म्हणालो, काम उरकून आलोय. तू हसत होतीस तेव्हा आण्णा माझं पान वाचत होते.

रात्रशाळेत शिकलेला माणूस तो. लिहिलेलं खोटं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

पान बघून त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, गॅस उलटा आला, आणि तिसऱ्या दिवशी आण्णा हॉस्पिटलात वारले. त्याच दुपारी कारखाना निरीक्षक आले. तोवर मोटर बसली होती, पंप छान घुमत होता. साहेबांनी पानावर बोट ठेवून विचारलं, अक्षर तुझं? हो साहेब. पंप चालू होता? मागे देवराम उभा होता. पण खरं सांगतो, मी देवरामला घाबरलो नाही. पंप बंद होता म्हटलं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू कुठे होतास? ते उत्तर तुझ्यापर्यंत पोचलं असतं. मी म्हणालो, हो साहेब. अहवालात लिहिलं गेलं, कामगाराची घाई.

त्यानंतर मी तुमच्याकडे का आलो नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. मन भरलं असेल असं वाटलं असणार. नळाला पाणी सोडतात तेव्हा त्याला किंचित क्लोरीनचा वास येतो, बघ. रोज सकाळी बादली भरताना आण्णा माझ्या पाठीमागे उभे असतात. रागावत नाहीत. नुसतं विचारतात, चालू हे ना रे? आणि दर सकाळी मी हो म्हणतो.

काल झिपरूकडे गेलो. त्याच्या वहीत मोटर कधी आली, कधी गेली, दोन्ही तारखा आहेत, नेताना केलेली देवरामची सही आहे. त्या बुधवारी मोटर त्याच्याच दुकानात होती. ते पान मी झेरॉक्स करून आणलंय. उद्या अकरा वाजता निरीक्षकांच्या कचेरीत लेखी जबाब देणार आहे. माझ्यावर काय व्हायचं ते होवो. आधी तुला भेटायला येणार होतो, पण तू अडवशील अशी आशा मनात होती, आणि तीच नको होती. म्हणून पत्र. हे तुला मिळेल तोवर जबाब होऊन गेलेला असेल. आण्णांनी घाई केली नाही, साधना. व्हॉल्व्ह रोजच्यासारखाच उघडला. काकूंना समोर बसव आणि हे सगळं मोठ्याने वाचून दाखव. रसाच्या गाड्याचं आलं तरी थांबू नकोस.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच,
प्रफुल्ल