बाबांचे दोन शब्द

निरगुडसर,
१२ जानेवारी

प्रिय कल्याणी,

सप्रेम जयभीम. फोन असताना आईला पत्राचं काय सुचलं म्हणून हसशील. पण फोनवर बोलताना बाबा शेजारीच असतात आणि त्यांना ऐकू सगळं येतं. आता ते जेवून आडवे झालेत, तोवर लिहून घेते.

दिवाळीपासून आमचा एकच उद्योग, पक्षी बघणं. ऊन तापलं की शेजारच्या साळुबाईला हाताशी घेऊन त्यांना खुर्चीसकट बंधाऱ्यावर नेते. यंदा पाणी भरपूर आहे. चक्रवाक आलेत, शेकाटे आलेत, धोबी काठाने शेपूट हलवत फिरतो. पक्षाघातानंतर बाबांना दोनच शब्द उरले, पण त्यातला एक नेमका 'कोंबडी' असावा याचं मला अजून हसू येतं. तीस वर्षं शाळेतल्या मुलांकडून पक्ष्यांची नावं पाठ करून घेणारा माणूस चक्रवाकाला कोंबडी म्हणतो, खंड्यालाही कोंबडी म्हणतो. चुकलं हे त्यांना लगेच कळतं, मग चिडून डावा हात झटकतात. डोकं अगदी ठिकाणावर आहे. परवा पक्ष्यांच्या नोंदवहीत मी टिटवीला पाणकोंबडी लिहिलं, तर पेन ओढून घेऊन खोडलं आणि मी चौथीत नापास झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

दुपारी त्यांच्या शाळेतला नकाशांचा ॲटलास उघडतो. निवृत्त झाल्यावर दोघांनी भरतपूरला पक्षी बघायला जायचं, हे आमचं फार जुनं ठरलेलं. अजून ठरवतोच आहोत. ते बोट ठेवतात, मी गाडी कुठे बदलायची, पांघरुणं किती घ्यायची ते सांगते. जायचं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. संध्याकाळी तर बिबट्याच्या भीतीने पाचलाच दार लावून घेतो.

कल्याणी, मी थकले गं. काम फार आहे असं नाही, ते होतं. पण तीन वर्षांत एक सकाळ अशी गेली नाही की मी उठले आणि फक्त माझंच तोंड धुतलं. कधी थवा उडून जाताना बघते आणि मला यांचा राग येतो. मग स्वतःचा येतो. लेकीला हे सांगायची लाज वाटते, तरी सांगते.

त्यांचा दुसरा शब्द 'ये'. डेअरीला निघताना मी 'येते' म्हणते, ते 'ये' म्हणतात. निघणाऱ्याला 'जा' म्हणू नये, यावर ते किती कडक! लहानपणी तू मामाला 'जा' म्हणालीस, तर तुझ्याकडून तीनदा 'ये' म्हणवून घेतलं होतं.

मागच्या आठवड्यात सावळेराम गुरुजी आले होते, बाबांच्या शाळेतले. निवृत्त शिक्षकांची सहल फेब्रुवारीत भरतपूरला चाललीय, आठ दिवस. त्यांच्या मंडळीही आहेत, बायकांत एक जागा रिकामी आहे. म्हणाले, "वहिनी, तुमी तरी चला." मी म्हणाले, "न्हाई जमायचं भाऊजी, यांना कुणावर टाकू?" आणि चहा ठेवायला उठले. बाबा तिथेच बसलेले.

दुसऱ्या दिवशी दुधाची किटली घेऊन दारातून मी 'येते' म्हणाले. उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर मांडीवर ॲटलास, बोट भरतपूरवर. कितीतरी वेळ नुसते ओठ जुळवत होते. मग म्हणाले, "जा." तीन वर्षांतला पहिला नवा शब्द. मी किटली घेऊन उंबऱ्यातच बसले आणि पोटभर रडले.

म्हणून हे पत्र. तुझ्या दवाखान्यातून फेब्रुवारीत आठ दिवसांची रजा मिळते का बघ. आजवर तुला ये म्हणून कधी बोलावलं नाही, आता बोलावते. त्यांना 'ये' म्हणायचं होतं आणि चुकून 'जा' निघालं, असंही असेल, मी खूप विचार केला. पण चुकलं की ते हात झटकतात, आणि त्या दिवशी त्यांनी बोट भरतपूरवरून हलवलं नाही. तू ये. मी जाऊन येते.

तुझीच,
आई