ठमाबाईचा बाजार

डोंबिवली, १८ नोव्हेंबर २०२४

ति. धाकूदादास, ठमाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझे कान गेले, फोन सुटला आणि आपली पत्रं सुरू झाली, एवढं मात्र बरं झालं. लहानपणी तू पाटीवर हात धरून शिकवलेली अक्षरं सत्तरीत उपयोगी पडतायत.

इथे सगळे खुशाल. जमीन बिल्डरला गेली, बंगला आला, कामाला तीन बायका आल्या आणि मला काम उरलं नाही. आराम करून करून मी थकले रे. पाण्याच्या टाकीमागची पट्टी तेवढी माझी राहिली. तिथे मेथी, मुळा, लाल माठ लावते आणि सकाळी रिक्षाने स्टेशनजवळच्या बाजारात नेऊन बसते. बायका भाव करतात, भांडतात, सुनांची गाऱ्हाणी सांगतात. कोणी आजी म्हणतं, कोणी मावशी. दिपेशची आई म्हणून कोणी ओळखत नाही, तेच मला हवं असतं.

परवा मात्र घोळ झाला. नात निशिगंधाचं लग्न जमतंय ना, त्या मुलाची आत्या माझ्याकडून मुळा घेऊन गेली. तिने दरावरून हुज्जत घातली, मीही काही कमी केलं नाही. रविवारी तीच पाहुणी म्हणून बंगल्यावर आली आणि पाणी घेऊन मी पुढे! ती बिचारी हसली, दिपेशचं तोंड मात्र उतरलं. पाहुणे गेल्यावर म्हणाला, आई, आपल्याला काय कमी आहे, लोक काय म्हणतील, उद्यापासून बाजार बंद. सूनबाई रसिका पाहुण्यांचे कप उचलून आत गेली.

दादा, तो माझं ऐकत नाही, पण मामाचं ऐकतो. आईला बसू दे, एवढंच त्याला लिही. बाजार सुटला तर मी या घरात भिंतीवरच्या फोटोसारखी राहीन, फक्त हार घालायचा बाकी.

कळावे. बहिणीवर जीव आहे तसाच असू दे.
तुझी ठमा

खोपट, ठाणे, २६ नोव्हेंबर

चि. दिपेश यास धाकूमामाचे अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र आलं. तिला अडवू नकोस. आमच्या बापाला ती आवरली नाही, तुला काय आवरणार! पण तुझी पंचाईतही कळते, मुलीचं लग्न तोंडावर आहे. तेव्हा मधला मार्ग सांगतो. तिला माहीत नसलेला तुझा एखादा माणूस रोज सकाळी बाजारात पाठव. त्याने सगळी भाजी एकदम घ्यावी. ती नऊच्या आत घरी येईल, तिचं मन राखलं जाईल आणि तुझी अब्रूही.

माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस. मीही थकलो आता, मायलेकांचे तंटे सोडवण्याइतका मास्तर राहिलेलो नाही.

घरात सर्वांस आशीर्वाद. म्हाताऱ्या मामाची आठवण ठेवावी.
तुझा धाकूमामा

डोंबिवली, २३ डिसेंबर

ति. दादास शि. सा. न.

तुझं पत्र लागू पडलं. दिपेश स्वतःच म्हणाला, जा आई बाजारात. मी मनातल्या मनात तुझ्या तोंडात साखर घातली.

आणि नशीब बघ, त्याच आठवड्यात गिऱ्हाईकही मिळालं. प्रीतम नाव. कुठल्याशा कॅन्टीनसाठी नेतो म्हणतो. रोज आठाला मोटारसायकलवर येतो, सगळी भाजी पोत्यात भरतो, सांगेन तो भाव देतो. पहिले चार दिवस मी खूश होते. आणखी मेथी पेरली, कंबर मोडेपर्यंत जुड्या बांधल्या.

पण नऊला घरी येऊन करायचं काय? बाजारात शेजारी बसणारी रमाबाई म्हणते, ठमे, तुझं नशीब फळफळलं. मला मात्र काहीतरी सलतं. तो माणूस भाजी घेतो, पण भाजीकडे बघत नाही. परवा मुद्दाम पिवळी पडलेली जुडी वर ठेवली, तीही मुकाट्याने घेऊन गेला. स्वयंपाकासाठी घेणारा माणूस असा नसतो. तुला काय वाटतं ते लिही. हल्ली परतताना ओझं काहीच नसतं, तरी पाय उचलत नाहीत.

लोभ आहेच. थोडा वाढला तर नको म्हणणार नाही.
तुझी ठमा

खोपट, ३१ डिसेंबर

चि. ठमा हिस अ. उ. आ.

उगाच संशय घेऊ नये. आपल्या वयात कोणी ओझं उचलत असेल तर उचलू द्यावं. थंडी बाधली आहे, जास्त लिहवत नाही.
धाकूदादा

डोंबिवली, २० जानेवारी २०२५

दादास नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला दिपेशच्या रेती-सिमेंटच्या गोडाऊनवर गेले होते. मागच्या भिंतीशी माझ्या मेथीच्या जुड्या पडल्या होत्या. मी केळीच्या सोपटाने बांधते, गाठ माझीच. काही त्याच सकाळच्या, काही कुजलेल्या. प्रीतम तिथेच चहा पीत होता. तो दिपेशचाच माणूस. मला बघून उभा राहिला.

दिपेशला विचारलं तर रडवेला झाला. म्हणाला, आई, मला हे सुचलं नव्हतं, मामांनी लिहिलं. पत्रही दाखवलं. तुझं अक्षर मी लांबूनही ओळखते.

पोराचा राग नाही आला, तो लोकांना घाबरतो. तुझा आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगू कोणाला? दीड महिना मी खोटा बाजार मांडून बसले, आणि तू मला लिहीत होतास की संशय घेऊ नये. माझी भाजी एका माणसाच्याही पोटात गेली नाही, दादा.

उद्यापासून कल्याणच्या बाजारात बसणार. दिपेशला तसं सांगितलं, विचारलं नाही. तू उत्तर नाही दिलंस तरी चालेल.
ठमा

खोपट, २८ जानेवारी

चि. ठमा हिस अ. उ. आ.

तू लिहिलंस ते सगळं खरं. पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. कान गेले, शिकवण्या सुटल्या, तेव्हापासून सूनबाई निशा मला रोज लसूण सोलायला देते. बाबांसारखा कोणालाच जमत नाही, असं कागदावर लिहून दाखवते. गणपतीतच मला कळलं की ती तो लसूण कामवालीला देऊन टाकते. घरात तयार वाटणाचं पाकीट येतं. तरी मी रोज सोलतो. पोर चांगली आहे, तिचं मन मोडवत नाही. खोट्या कामाने माणूस किती शिणतो हे मला ठाऊक होतं, आणि तेच मी तुझ्या गळ्यात बांधलं. वाटलं, तूही माझ्यासारखी गप्प बसशील.

थकलोय ठमे. कल्याणचं काय झालं तेवढं कळव. माफी शब्दांत मागता येत नाही, थोरला आहे ना.
तुझा दादा

डोंबिवली, १० फेब्रुवारी

ति. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

राग आहे, पण जुना झाला. कल्याणला जागा मिळाली ती उन्हातली. संध्याकाळी परतते तेव्हा बसल्या जागी डोळे मिटतात. निशिगंधाच्या सासरी सगळं कळलं, तरी लग्न मोडलं नाही. आत्याबाईंनी मेथी घरपोच मागितली. मी निरोप दिला, बाजारात या.

तू तो लसूण ठेव बाजूला. निशाला नीट सांग आणि चार दिवस इकडे ये. जुड्या बांधायला मला खरंच माणूस लागतो, एकटीने होत नाही. त्याला कान लागत नाहीत.

काल बायकांनी जुड्या उलटसुलट करून बघितल्या, नाकं मुरडली, कितीजणी टाकून पुढे गेल्या. दिवसभर बसून अकरा जुड्या उरल्या. उरल्या, दादा! म्हणजे ज्या गेल्या त्या खरोखरच कोणीतरी घरी नेल्या. टोपली डोक्यावर घेऊन आले. पाय दुखत होते आणि मी वाटेत एकटीच हसत होते. रसिकाने त्यांची भाजी केली. दिपेश अजून माझ्याशी बोलत नाही, पण जेवताना त्याने दोनदा ताट पुढे केलं.

कळावे. कधी येतोस ते लिही.
तुझी ठमा